न मोजलेला मळ

दिवा थंड होता. थोरलीनं काळ्या खोलीचं दार खांद्यानं ढकललं, धुतलेलं पॅनेल दोन्ही हातांनी कडांना धरून ती आत शिरली, आणि नेहमीची ऊब तोंडावर आली नाही. मोजणीचा दिवा लावला की ही बिनखिडकीची, चारी भिंती काळ्या रंगवलेली खोली अर्ध्या तासात गरम होते. उन्हाळ्यात इथं जीव नकोसा होतो आणि थंडीत सगळे काहीतरी निमित्त काढून इथंच घुटमळतात. आज खोली गार होती. म्हणजे दिवा लावलाच नव्हता. दिवा लावला नव्हता म्हणजे पॅनेल मोजलंच नव्हतं. मोजलं नव्हतं आणि धुतलं होतं. हे सगळं तिच्या डोक्यात एकामागून एक आलं, घाई न करता, आणि शेवटचं आल्यावर ती जागीच थांबली. हातमोज्यांतून पाणी मनगटाकडे उतरत होतं. पॅनेलवर मात्र एक थेंब टिकत नव्हता, पडला की घरंगळून खाली जात होता. म्हणजे घासणी उत्तम झाली होती. इतकं निर्मळ काम तिच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

या कामाचं वर्णन तिचा नवरा पाहुण्यांसमोर एका वाक्यात करतो: आमची ही पांढऱ्याचं पांढरं करते आणि त्याचा पगार घेते. पाहुणे हसतात, तीही हसते, आणि मनात म्हणते, एकदा करून बघा. पॅनेल म्हणजे दोन वितींचा पांढराफेक चौकोन, कसल्याशा प्लॅस्टिकची पूड दाबून, भाजून केलेला. त्याच्यावर पडलेला जवळजवळ सगळा उजेड तो परत देतो, आणि सगळ्या बाजूंना सारखा देतो, कुणाला डावं नाही, कुणाला उजवं नाही. घरात राहणाऱ्या कुठल्याही माणसाला हे जमलेलं तिनं पाहिलेलं नाही. रानात मोजणी करणारे लोक आपलं यंत्र आधी या पॅनेलवर धरतात आणि मग पानावर, मातीवर, पाण्यावर. पॅनेलच्या मानानं पान किती उजेड परत देतं, तो त्या पानाचा आकडा. पॅनेल मळलं की त्याच्या तुलनेत बाकीचं सगळं आहे त्यापेक्षा उजळ दिसायला लागतं. आणि रानात नेलेली वस्तू मळणारच. म्हणून इथला पहिला नियम, जो ती स्वतः प्रत्येक नव्या माणसाकडून घोकून घेते: आलेलं पॅनेल आधी जसंच्या तसं मोजायचं. धुळीसकट, डागासकट. फुंकर मारायची नाही, बोट लावायचं नाही. मळानं किती उजेड खाल्ला ते एकदा कळलं की रानातले सगळे आकडे त्या हिशेबानं दुरुस्त करता येतात. मग खुशाल धुवा. पण आधीच धुतलं तर मळ गेला आणि त्याच्याबरोबर दुरुस्तीही गेली. नव्या माणसांना हे ऐकून गंमत वाटते. घाण जपायची असते हे त्यांच्या आयांनी त्यांना कधी सांगितलेलं नसतं.

तिनं पॅनेल मांडणीवर उभं केलं, हातमोजे काढले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. अंधार बरा वाटला. हे पॅनेल दुसऱ्या कुणाचं असतं तर तिनं सरळ जाऊन साहेबांना सांगितलं असतं, चार बोलणी खाल्ली असती आणि विषय संपला असता. हे पॅनेल धाकटीचं होतं. तिची सख्खी बहीण याच संस्थेत, पण वरच्या मजल्यावर, शास्त्रज्ञांच्या खोल्यांत बसते. बसते म्हणजे क्वचितच बसते, कारण गेला सबंध हंगाम ती शहराबाहेरच्या एका जळलेल्या डोंगरावर चढते आहे. वणव्यात तो डोंगर तळापासून माथ्यापर्यंत काळा झाला होता. राखेतून पहिलं हिरवं कधी येतं, कसं येतं, आधी कुठल्या उतारावर येतं, ते ती यंत्रानं टिपत होती. हे काम पुन्हा करता येत नाही. पहिलं हिरवं एकदाच येतं. दुसऱ्या वर्षी डोंगर असतो, पण तो मग साधा डोंगर असतो. घर मोडल्यापासून या डोंगराशिवाय धाकटीकडे दुसरं काही नव्हतं, असं थोरलीला वाटायचं. असं थोरलीलाच वाटायचं, धाकटी तसं कधी म्हणाली नव्हती.

सकाळी ड्रायव्हर पॅनेलची पेटी ठेवून गेला. मोजमाप घेऊन ठेव, चारपर्यंत येते, असा धाकटीचा निरोप होता. तिनं झाकण उघडलं आणि तिचं डोकंच फिरलं. काय अवस्था केली होती पॅनेलची. अशी ठेवतात का वस्तू, असं ती मोठ्यानं म्हणाली, खोलीत कुणी नसताना. लहानपणी धाकटीची वह्यापुस्तकं अशीच असायची, कडा दुमडलेल्या, शाईचे डाग, मध्येच कुठलंतरी वाळकं पान. आणि थोरलीनं ती सगळी रविवारी बसून नीट करायची, कव्हरं घालायची, खोडरबरानं डाग घासायचे. एकदा धाकटी त्यावरून रडली होती. ते वाळकं पान तिला हवं होतं म्हणे. आई धाकटीलाच रागे भरली, म्हणाली, एक तर ती तुझं करते आणि वर तूच रडतेस. थोरलीला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आज इतक्या वर्षांनी, काळ्या खोलीत उभं राहून, तिला ते बरं वाटणं जसंच्या तसं आठवलं आणि ते कुठंतरी खुपलं.

राग नुसता पॅनेलचा नव्हता. दोन दिवसांपूर्वी धाकटीचा फोन आला होता. कोर्टाचं काम संपलं, सह्या झाल्या, ती म्हणाली, बातम्या सांगतात तसं. थोरलीनं क्षणभरही वाया घालवला नाही. म्हणाली, रविवारी मी येते, तुझं घर लावून देते, पडदे माझ्याकडे आहेत, भांडी घेऊन येते, एका दिवसात सगळं मार्गी लावू. मग धाकटी म्हणाली, "नको." एवढंच. ताई नको असंही नाही, आत्ता नको असंही नाही. तो शब्द थोरलीच्या दाताखाली दोन दिवस खड्यासारखा येत होता. तिनं काय कमी केलं होतं? धाकटीचं लग्न तिनं जमवलं, लग्नातली धावपळ तिनं केली, पहिल्यांदा मोडायला आलं तेव्हा दोघांना तिनंच पुन्हा जोडून दिलं. आणि वर हे. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, असं तिनं नवऱ्याला ऐकवलं होतं आणि नवऱ्यानं पेपर खाली न घेता, अगं पण तिनं करायला सांगितलं होतं का, असं विचारलं होतं. त्याच्याशीही ती सकाळपासून धड बोलली नव्हती.

त्या रागातच तिनं नळ सोडला. हे तिला आता स्पष्ट आठवत होतं, हाताला आठवत होतं. शुद्ध पाण्याची बारीक धार, त्याखाली तिरपं धरलेलं पॅनेल, सपाट ठोकळ्याला गुंडाळलेला ओला पॉलिश पेपर. हात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, एका दिशेनं नाही, नाहीतर चरे पडतात आणि उजेड एका बाजूला झुकतो. दाब द्यायचा नाही. चकाकी येऊ द्यायची नाही. चकाकलं की फुकट गेलं. ती हे डोळे मिटून करू शकते, आणि आज जवळजवळ तसंच केलं. पाणी आधी करडं गेलं, मग दुधट, मग नितळ. वरचा कागदाहून पातळ थर निघून जातो आणि खालून तेच पांढरं वर येतं, कारण हे आतपर्यंत पांढरंच असतं. त्या घासण्यात एक सुख आहे, ते ती कुणाला सांगत नाही. हात फिरत असताना माणूस कुणाची ताई नसतो, कुणाची बायको नसतो. पाणी सगळीकडे चिकटायचं थांबून थेंब पळायला लागले तेव्हा तिचा राग बराचसा उतरला होता, आणि धाकटीबद्दल माया वाटायला लागली होती. मायेच्या त्या भरात ती पॅनेल घेऊन काळ्या खोलीत आली होती.

दार किलकिलं झालं आणि दिवेवाला डोकावला. संस्थेतले सगळे दिवे, त्यांचे तास, त्यांची दुखणीखुपणी सांभाळणारा हा माणूस. त्याचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरत नाही. दिवा लावू का, असं विचारायला आला होता, कारण सकाळी तिनं कळवलं नव्हतं म्हणून त्यानंही लावला नव्हता. मग त्यानं मांडणीवरचं पॅनेल पाहिलं, त्याच्या खाली साचलेलं पाणी पाहिलं, थंड दिव्याकडे पाहिलं. त्याला काही सांगावं लागलं नाही. आत येऊन त्यानं दार लावून घेतलं आणि आवाज उतरवला.

"डोंगराचं?"

तिनं मान हलवली. तो थोडा वेळ कान खाजवत राहिला. मग म्हणाला, की बाई, एवढ्या वर्षांत तुम्ही शेकड्यानं पॅनेलं पाहिलीत. राखेतून आलेलं पॅनेल किती खातं ते तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगाल. आता दिवा लावतो, स्वच्छ मोजून घ्या, आणि धुण्याआधीच्या मोजणीत तो नेहमीचा आकडा घाला. मी तर सकाळपासून इथं नव्हतोच. "झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडून कुणाचं भलं होणार आहे? तुमच्या बहिणीचं तर नाहीच," तो म्हणाला, दिवा लावला आणि निघून गेला.

तो वाईट माणूस नव्हता, आणि त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. त्यानं लावलेल्या दिव्याचा आधी तांबूस, मग पिवळा, मग पांढरा होत जाणारा उजेड पॅनेलवर पडला आणि ते असं उजळलं की तिला डोळे बारीक करावे लागले. अर्धा तास थांबायचं होतं. ती स्टुलावर बसली. आकडा तिला खरंच माहीत होता. नेहमीचा हंगाम असेल तर दोन टक्के जातात, धुळीचा असेल तर तीन, राख असेल तर चार, आणि निळ्या बाजूला थोडे जास्त. चार लिहिले तर साहेब विचारणार नाहीत. धाकटी तर डोळे मिटून तो मान्य करील, कारण ताईचं मोजमाप कधी चुकत नाही ही गोष्ट ती चारचौघांत अभिमानानं सांगते. तिचे आकडे दुरुस्त होतील, तिचा निबंध छापून येईल, तिची नोकरी पक्की होईल, आणि घर गेलं तरी बाईचं नाव झालं असं लोक म्हणतील. आणि चारच्या जागी खरे सहा असतील तर? तर डोंगर थोडा जास्त हिरवा होईल, कागदावर. कुणाचा बळी जाणार आहे? थोरली हे सगळं इतकं नीट मांडत गेली की तिला स्वतःचीच भीती वाटली. एखादी गोष्ट इतक्या पटकन आवरली जाते आहे म्हणजे आपण ती करणार, हे ती स्वतःला ओळखत असल्यामुळे जाणून होती.

म्हणून ती आठवायला बसली. निदान प्रामाणिक अंदाज तरी असावा. झाकण उघडलं तेव्हा पॅनेल नक्की कसं दिसत होतं? करडं. सगळीकडे सारखं करडं की डाव्या बाजूला जास्त? कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा होता का, की तो मागच्या महिन्यातल्या पॅनेलवरचा? एक तपकिरी ओघळ होता. चहाचा की चिखलाचा? तिनं डोळे मिटले, पेटीची कडी आठवली, कडीचा गारवा आठवला, आतल्या काळ्या फोमचा वास आठवला, आणि पुढे फक्त घाण. घाण एवढा एक शब्द, त्याला ना आकार ना रंग. पेटी उघडली आणि नळ सोडला यांच्या मध्ये तिनं काही पाहिलंच नव्हतं. नजर पडली होती, पाहिलं नव्हतं.

आणि मग, ज्याची तिला अजिबात गरज नव्हती, ती दुपार आठवली. धाकटी दारात उभी, खांद्याला बॅग, केस बांधलेले नाहीत, चेहरा पिठासारखा. लग्नाला तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. थोरलीनं एका नजरेत ओळखलं: भांडून आली. ये, बस, पाणी पी, हातपाय धू. बॅग तिच्या हातातून घेतली, तिथंच उघडली, आणि आतलं बघून हसूच आलं. असं कुणी घर सोडतं का? दोन जुने गाऊन, टॉवेल, मऊ झालेल्या कपड्यांच्या घड्या, पायमोजे. ना धड एक बाहेर घालायचा कपडा, ना पैसे, ना कागदपत्रं. हिला रागावून निघूनसुद्धा नीट जाता येत नाही, असं मनात येऊन थोरलीनं सगळं मशीनला लावलं, कारण कपड्यांना कोंदट वास येत होता आणि काहीतरी करत राहिलं की वातावरण हलकं राहतं. धाकटी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. काही म्हणणार होती. थोरली म्हणाली, आधी चार घास खा, मग बोलू. मग खोलीत जाऊन तिनं मेहुण्यांना फोन केला आणि गोड बोलून सगळं जुळवून आणलं. ते तासाभरात आले, हसतमुख, हातात फळं. कपडे इस्त्री करून, घडी घालून बॅगेत परत गेले. संध्याकाळच्या आत धाकटी आपल्या घरी. सुंठीवाचून खोकला गेला, असं थोरलीनं रात्री नवऱ्याला सांगितलं होतं आणि किती गाढ झोपली होती.

दिवा स्थिर झाला होता. तिनं कपाटातून मूळ पॅनेल काढलं, जे कधी बाहेर जात नाही, ज्याच्याशी बाकी सगळ्यांची तुलना करतात. ते मोजलं, मग धाकटीचं मोजलं. पडद्यावरच्या दोन रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. नव्यासारखं पॅनेल. धुतल्यानंतरच्या रकान्यात आकडे भरले. धुण्याआधीच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता. तिनं चार लिहिला, मग वाटलं, पूर्णांक संशयास्पद दिसतो, तेव्हा तीन पूर्णांक आठ केला. तो आकडा खरा दिसायला लागला. इतका खरा, की ती त्याच्याकडे बघत राहिली आणि पायऱ्यांवर बुटांचा आवाज कधी आला ते तिला कळलं नाही.

धाकटी वेळेआधी आली होती. उन्हानं रापलेली, ओठ फुटलेले, बुटांच्या खाचांत अजून काळी माती. तिनं नेहमीसारखं दारातच बूट काढले नाहीत आणि थोरलीच्या जिभेवर ते आलं होतं, पण तिनं गिळलं. धाकटी बोलत सुटली. अशी ती क्वचितच बोलते. सांगत होती, की सगळ्यांना वाटलं होतं ओढ्याच्या बाजूनं हिरवं येईल, पण ते आलं मोठ्या दगडांच्या सावलीत, उत्तरेकडून, गुडघे टेकल्याशिवाय दिसणारही नाही असं. यंत्रानं ते माणसाच्या डोळ्याआधी आठ दिवस पकडलं असणार, नुसती पॅनेलची दुरुस्ती झाली की ठाम सांगता येईल. ती वाकून पडद्याकडे बघायला लागली. थोरलीनं पाहिलं, की बहिणीच्या कानामागे केस पांढरे झाले आहेत, आणि हे आपण आज पहिल्यांदा बघतो आहोत.

"तीन पूर्णांक आठ," धाकटी म्हणाली. "बरं आहे. मला वाटलं जास्त असेल."

एवढ्यावर सगळं संपत होतं. धाकटी सरळ झाली, तिनं बरं वाटून श्वास सोडला, तो थोरलीला ऐकू आला. त्या श्वासानं तिचा घात केला. बोलायचं ठरवलेलं नव्हतं, पण तिच्या तोंडून निघून गेलं.

"तो आकडा मी मनानं घातलाय. मी ते न मोजता धुतलं."

धाकटीनं पॅनेलकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग पुन्हा पॅनेलकडे. सगळंच धुतलंस का, असं तिनं विचारलं, आणि थोरलीनं हो म्हटलं. कितपत मळलं होतं, डोळ्यांना काय दिसलं तेवढं तरी सांग, असं तिनं विचारलं. घाण होतं, थोरली म्हणाली. घाण आहे एवढंच बघितलं. आणि लगेच तिला स्वस्थ बसवेना. ती उठली, म्हणाली, साहेबांना मी आत्ता सांगते, चूक माझ्या नावावर घेते, तुझ्याकडे बोट दाखवणार नाही कुणी. दुसऱ्या गटाचं राखेतलं पॅनेल आहे, त्याचा मळ मोजू, ताडून बघू, दोन दिवसांत सगळं मार्गी लावते. बोलता बोलता तिनं कपाट उघडलं होतं, फडकं घेतलं होतं, मांडणीखालचं पाणी टिपायला ती वाकलीसुद्धा होती.

"ताई, आवरू नकोस," धाकटी म्हणाली. "दोन मिनिटं काहीच करू नकोस. मला बघू दे काय गेलंय ते."

थोरली फडकं धरून तशीच उभी राहिली. धाकटी स्टुलावर बसली आणि बोटांवर काहीतरी जुळवत गेली. मग तिनं सांगितलं, कोरड्या आवाजात, की डोंगरावर मध्येच वादळ झालं, त्याच्या आधीचं धरता येईल, तोवर पॅनेल चांगलं होतं. वादळात पेटी उघडी राहिली होती, तिथून पुढचं सगळं गेलं. आणि हिरवं आलं ते वादळानंतर. म्हणजे काळ्या डोंगराचे आकडे शाबूत होते, हिरव्याचे गेले होते. हे सांगताना ती रडली नाही. रडली असती तर थोरलीला काही करता आलं असतं. पाणी देता आलं असतं, पाठीवरून हात फिरवता आला असता.

"मला बोल काहीतरी," ती म्हणाली. "शिव्या दे."

"देऊन काय? मी काही बोलले की तू ते लगेच पुसून काढतेस." धाकटी बुटांवरच्या मातीकडे बघत होती. "एक विचारू? मी तुझ्याकडे बॅग घेऊन आले होते एकदा. आठवतं? का आले होते?"

"भांडून," थोरली म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं, की हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी नाही, नंतरच्या वर्षांत नाही. तिच्या तोंडात तयार वाक्यांची रांग लागली होती, झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला उकरून काढायचं, चल घरी जेवायला. तिनं ती एकेक करून आत ढकलली. फडकं बाजूला ठेवलं, पाणी तसंच राहू दिलं, आणि दुसरं स्टूल ओढून बहिणीच्या समोर बसली. गुडघ्याला गुडघा लागला.

"का आली होतीस?"

धाकटी बराच वेळ बोलली नाही. थोरलीनं तो वेळ भरून काढला नाही. हे तिला फार जड गेलं.

"मी घर सोडून नव्हते आले," धाकटी म्हणाली. "मी तुला न्यायला आले होते. पोटातलं मूल गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, भरती व्हा, पण बरोबर घरचं कुणीतरी हवं. तो म्हणाला, मला रजा मिळत नाही, बहिणीला ने. ती बॅग दवाखान्याची होती, ताई."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. पण तू माझे कपडे धुवायला टाकलेस. मला वाटलं, मशीन थांबू दे, मग सांगते. तेवढ्यात तो आला. तुझ्या फोनवर मात्र त्याला रजा मिळाली."

थोरलीला ते कपडे आठवले. घड्या, टॉवेल, पायमोजे, एकेक. तिनं ते आपल्या हातांनी झटकले होते, वाळत घातले होते, इस्त्री केले होते.

"आणि मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी गेले."

"कुणाबरोबर?"

धाकटीनं वर पाहिलं. "तू भरून दिलेल्या बॅगेबरोबर," ती म्हणाली. "छान घड्या होत्या. नर्स म्हणाली, घरी कुणीतरी फार जीव लावणारं आहे तुमच्या."